ओपन वॉटर झालं, आता अ‍ॅडव्हान्स्ड: कोर्सला नाव घालण्याआधी आणि नंतर

स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, म्हणजे ओपन वॉटरचं, कार्ड हातात पडलं त्याच संध्याकाळी मी पुढच्या पायरीचा, अ‍ॅडव्हान्स्डचा फॉर्म भरला. तोवर झालेल्या डाइव्ह किती? सहा. त्यातल्या चार तर कोर्सच्याच. मग ३० मीटरवर उतरायची वेळ आली. बाकीचे तिघे निवांत होते आणि माझ्या टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा गेजचा काटा अकराव्या मिनिटालाच १०० बारच्या, म्हणजे निम्म्याच्या, खाली सरकला होता. माझ्यामुळे सगळ्यांना वर यावं लागलं. होडीवर मला कुणी चकार शब्द बोललं नाही. सगळे काठापर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले, आणि तेच जास्त लागलं.

कोर्स मी पूर्ण केला; बहुतेक सगळेच करतात. पण नंतर लॉगबुक (डाइव्हच्या नोंदींची वही) चाळताना जाणवलं, की त्या पाच डाइव्हमधला अर्धा वेळ माझा स्वतःला सावरण्यातच गेला होता. शिकायला डोकं मोकळं होतंच कुठे? तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. नाव सारखं, कोर्स वेगळा

'अ‍ॅडव्हान्स्ड' हा शब्द पॅडी, एसएसआय, एसडीआय अशी प्रत्येक प्रशिक्षण संस्था आपापल्या परीने वापरते. पॅडीच्या अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटरमध्ये पाच 'अ‍ॅडव्हेंचर डाइव्ह' असतात. दोन सक्तीच्या: खोल डाइव्ह आणि पाण्याखालचं नेव्हिगेशन. उरलेल्या तीन तुमच्या पसंतीच्या. शेवटी लेखी परीक्षा नाही. प्रत्येक डाइव्हचा धडा वाचायचा, त्यावरचे प्रश्न सोडवायचे आणि पाण्यात उतरायचं. आधी अमुक इतक्या डाइव्ह झालेल्या हव्यात अशी अटही नाही. ओपन वॉटरचं कार्ड असलं की पुरे.

एसएसआयमध्ये याच तोलाचा कोर्स 'अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडव्हेंचरर' या नावाने होतो. त्यांची 'अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर' ही पायरी मात्र निराळी: चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे छोटे कोर्स) पूर्ण हव्यात आणि लॉगबुकात २४ डाइव्ह. एसडीआयचा 'अ‍ॅडव्हान्स्ड डायव्हर'ही त्याच वळणाचा, चार स्पेशालिटी आणि २५ डाइव्ह. त्यामुळे कुणी 'माझं अ‍ॅडव्हान्स्ड झालंय' म्हटलं की कुठलं, ते विचारा. पुढचं सगळं मी पॅडीच्या पाच डाइव्हचा कोर्स धरून लिहिते, कारण मी तोच केला.

या कार्डाने खोलीची मर्यादा १८ मीटरवरून ३० वर जाते. हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ ४० मीटरची आहे. तिथवर जायला डीप स्पेशालिटी वेगळी करावी लागते. वयाची अट १५. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना ज्युनियर कार्ड मिळतं आणि त्यांना २१ मीटरच्या खाली जाता येत नाही.

कार्डाचा अर्थ एवढाच, की पाच नव्या गोष्टी तुम्ही कुणाच्या तरी नजरेखाली एकेकदा करून पाहिल्या. नावाला भुलू नका.

२. फॉर्म भरण्याआधी हवेचा हिशेब काढा

लगेच कोर्स करावा की थांबावं, यावर डायव्हर मंडळींत कायम वाद असतो. एक पक्ष म्हणतो, इन्स्ट्रक्टरसोबत जितक्या डाइव्ह होतील तितकं बरं, लगेच करा. दुसरा म्हणतो, आधी वीस-पंचवीस डाइव्ह होऊ देत. मी दोन्हींच्या मध्ये आहे. आकडा धरून बसू नका. तीन गोष्टी जमतात का ते पाहा.

एक, तळाला किंवा दोराला हात न लावता पाण्यात मध्येच एका उंचीवर मिनिटभर स्थिर राहता येतं का. दोन, मास्कमध्ये पाणी शिरलं तर पोहता पोहता ते काढता येतं का, की त्यासाठी गुडघे टेकायला जमीन लागते. तीन, तुम्ही हवा किती खाता.

तिसऱ्याचं गणित कागदावर करायचं. समजा टाकी १२ लिटरची. सरासरी १० मीटरवर ४० मिनिटं राहिलात आणि काटा २०० वरून ८० बारवर आला. वापरले १२० बार, गुणिले १२, म्हणजे १४४० लिटर. भागिले ४०, मिनिटाला ३६ लिटर. पण १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून त्याचं निम्मं करायचं: १८ लिटर. हा तुमचा पृष्ठभागावरचा खप. सरासरी खोली हातावरचा डाइव्ह कॉम्प्युटर दाखवतो. कमाल खोली घेऊन गणित केलंत तर उत्तर खोटं आणि सुखद येईल.

आता ३० मीटर. तिथे दाब चौपट, म्हणून मिनिटाला ७२ लिटर. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला उरतात १५० गुणिले १२, म्हणजे १८०० लिटर, साधारण २५ मिनिटं. हे १८ लिटरवाल्याचं. माझा त्या दिवसांतला खप २८ लिटरच्या घरात होता. म्हणजे ३० मीटरवर ११२ लिटर, आणि हातात जेमतेम १६ मिनिटं. त्यातच वर यायला लागणारी हवा, वाटेतला थांबा, आणि बडीची (जोडीदार डायव्हरची) हवा संपली तर त्यालाही पुरवायची वेळ. पॅडीच्या तक्त्यात ३० मीटरला, वर येताना शरीरातला नायट्रोजन बाहेर पडायला थांबे न घेता, राहायची मर्यादा २० मिनिटांची आहे. मी त्या मर्यादेपर्यंत पोचूच शकत नव्हते.

खप जास्त असेल तर निराश होऊ नका. फुप्फुसं मोठी असतील तर तो थोडा जास्त असणारच. पण नवख्यांचा बराच खप हातांनी पाणी मारण्यात, उभ्याने पोहण्यात आणि भीतीत जातो. माझा दहा-बारा साध्या, उथळ डाइव्हनंतर २० वर आला, कुठलीही युक्ती न करता. श्वास रोखून हवा वाचवायचा प्रयत्न मात्र कुणीही करू नका. वर येताना रोखलेला श्वास फुप्फुस फाडू शकतो, आणि एरवीही त्याने डोकं ठणकायला लागतं.

३. कागदपत्रं

यादी छोटी आहे:

- ओपन वॉटरचं प्रमाणपत्र. फोनमधलं चालतं, पण स्क्रीनशॉट काढून ठेवा. धक्क्यावर नेट मिळेलच असं नाही.
- लॉगबुक, कागदी किंवा अ‍ॅपमधलं.
- ओळखपत्र किंवा पासपोर्ट.
- आरोग्याची प्रश्नावली, आणि गरज असेल तर तिच्यासोबतचं डॉक्टरांच्या सहीचं पान.
- डायव्हिंगचा विमा असेल तर त्याचं कार्ड आणि आपत्कालीन नंबर.
- वय कमी असेल तर पालकांची सही.

जोखीम मान्य असल्याचा कागद आणि सुरक्षित डायव्हिंगच्या नियमांवरची सही हे केंद्रातच होतं.

या यादीत गफलत होते ती आरोग्याच्या प्रश्नावलीत. दमा, फिट्स, हृदयविकार, मधुमेह, कानाचे किंवा छातीचे जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया असं बरंच त्यात विचारलेलं असतं. ठरावीक प्रश्नांना 'हो' उत्तर आलं की डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. कितीतरी जण सरळ सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होतात. माझं लहानपणी कानाचं ऑपरेशन झालेलं. मी खरं लिहिलं, सही आणलेली नव्हती, आणि डॉक्टर शोधण्यात पहिला अख्खा दिवस गेला. फॉर्म आधी मागवून घ्या, घरी बसून भरा, लागली तर सही घेऊन निघा. खोटं लिहू नका. दाबाला तुमची उत्तरं वाचता येत नाहीत.

विम्याबद्दल एकच: नेहमीच्या प्रवास विम्यात ३० मीटरपर्यंतचं डायव्हिंग धरलेलं आहे का, आणि प्रेशर चेंबरमधल्या (दाब वाढवलेल्या बंद खोलीतल्या) उपचारांचा खर्च आहे का, या दोन ओळी शोधून वाचा.

४. स्वतःचं काय घ्यायचं

मास्क. चेहऱ्याला बसणारा, स्वतःचा. बाकी सगळं भाड्याने चालतं.

दुसरी वस्तू घ्यायचीच असेल तर डाइव्ह कॉम्प्युटर घ्या. दोघांत एक कॉम्प्युटर ही कल्पना सोडून द्या. तो ज्याच्या हाताला आहे त्याचीच खोली आणि त्याचाच नायट्रोजन मोजतो. आणि नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा पाण्याखाली उघडून बघू नका. थांब्याची मिनिटं कुठे दिसतात, वर यायचा वेग जास्त झाला की तो कसा ओरडतो, हे घरी सोफ्यावर पाठ करा.

होकायंत्र, टॉर्च, फुगवायची सिग्नल नळी आणि तिची दोरी, दोर कापायची छोटी सुरी हे बहुतेक केंद्रांत मिळतं. कोर्सच्या आधी हातात घेऊन बघा. मला दिलेल्या होकायंत्रात मोठा बुडबुडा होता आणि चकती अडकत होती. मी दिशा चुकते आहे असं वाटून स्वतःलाच दोष देत बसले.

५. केंद्र आणि इन्स्ट्रक्टर

थेट विचारायचे प्रश्न: एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी? पाच डाइव्ह किती दिवसांत? धड्याची चर्चा समोर बसून होणार, की 'वाचून या' एवढंच? खोल डाइव्ह कितव्या क्रमांकावर?

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. पण पहिल्याच सकाळी, तुमची बॉयन्सी (पाण्यात एका उंचीवर स्थिर राहायचं कसब) एकदाही न पाहता, कुणी तुम्हाला ३० मीटरवर न्यायला निघालं असेल तर ते वेळापत्रक होडीच्या सोयीने बनलेलं आहे. पहिली डाइव्ह उथळ आणि बॉयन्सीची मागून घ्या. दोन दिवसांत पाच डाइव्ह होतात, तसा नियमभंगही होत नाही. पण तीन दिवस मिळत असतील तर तीन घ्या. चौथ्या-पाचव्या डाइव्हला माणूस थकलेला असतो आणि थकलेलं डोकं काही साठवून ठेवत नाही.

आणखी एक. इन्स्ट्रक्टरला आपली कमजोरी पहिल्याच भेटीत सांगा. 'मला खाली जाताना डावा कान उशिरा मोकळा होतो' हे वाक्य होडीत सांगितलं तर पाच सेकंद लागतात. पाण्यात तेच हातवाऱ्यांनी सांगायला जन्म जातो.

६. पसंतीच्या तीन डाइव्ह

इथे मोहात पडायला होतं. बुडालेलं जहाज, रात्र, फोटोग्राफी, स्कूटर... यादी मेन्यूकार्डासारखी समोर येते. माझा सल्ला: एक गरजेची, एक तुम्ही जिथे पुढे डाइव्ह करणार तिथल्या पाण्याची, आणि एक मजेची.

गरजेची म्हणजे 'पीक परफॉर्मन्स बॉयन्सी'. नाव भपकेबाज असलं तरी डाइव्ह कामाची आहे, आणि मी ती घेतली नव्हती. मला वाटलं, बॉयन्सी तर ओपन वॉटरमध्ये झालीच की. नव्हती झाली. पुढचा मुद्दा त्यावरच आहे.

पाण्याची म्हणजे, जिथे प्रवाह असतो तिथे ड्रिफ्ट, जिथे होडीवरूनच उडी मारायची तिथे बोट डाइव्ह, जिथे पाणी थंड तिथे ड्राय सूट.

मजेची तुमची तुम्ही ठरवा. रात्रीची डाइव्ह मी सगळ्यांना सुचवते, कारण भीती वाटेल असं वाटतं आणि प्रत्यक्षात डोकं शांत होतं; टॉर्चच्या गोलात असेल तेवढंच जग. प्रत्येकाकडे एक मुख्य टॉर्च आणि एक जादा असावा. टॉर्चने तळावर संथ गोल काढला तर 'ठीक आहे', आडवा भराभर हलवला तर 'इकडे बघ'. समोरच्याच्या डोळ्यात झोत मारू नका. इन्स्ट्रक्टरने खूण केली की टॉर्च छातीशी दाबून अंधार करा आणि हात पाण्यात फिरवा. पाण्यात चमकणारे सूक्ष्म जीव असतील तर बोटांमागून ठिणग्या निघतात.

दोन सूचना. जहाजाच्या अ‍ॅडव्हेंचर डाइव्हमध्ये आत शिरत नाहीत, बाहेरूनच पाहायचं असतं. दार उघडं दिसलं म्हणून डोकावू नका. आणि नायट्रॉक्सची (नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजनच्या हवेची) एक डाइव्ह यात घेतली तरी नायट्रॉक्सचं कार्ड मिळत नाही. ते हवं असेल तर तो छोटा कोर्स पूर्णच करा. नायट्रॉक्स म्हणजे जास्त खोल, हा गैरसमजही काढून टाका. उलट ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या आत ठेवायच्या हिशेबाने साधारण ३३ मीटरची मर्यादा पडते आणि ३६ टक्क्यांना २८ ची. फायदा मिळतो तो वेळेत, नायट्रोजन कमी भरतो म्हणून.

पाचही डाइव्ह त्या त्या स्पेशालिटीची पहिली डाइव्ह म्हणून पुढे धरल्या जाऊ शकतात. इन्स्ट्रक्टरला आधी विचारून ठेवा.

७. वजन उतरवा

नवख्यांच्या कमरेला जास्तीचं शिसं असतं. कारण सोपं आहे: पहिल्या दिवशी तुम्ही घाबरून छाती फुगवलेली असते, बुडत नाही, गाइड आणखी दोन किलो अडकवतो. ते दोन किलो मग कायमचे तुमचे होतात. जास्तीचं वजन झाकायला बीसीडीत (हवा भरायच्या जाकिटात) जास्तीची हवा भरावी लागते, ती हवा खोलीप्रमाणे फुगते-आकसते, आणि तुम्ही सगळी डाइव्ह बटणं दाबत वर-खाली होत राहता.

तपासायची रीत अशी. पूर्ण सामान घालून खोल पाण्यात, बीसीडी पूर्ण रिकामी, तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र). नेहमीसारखा श्वास आत घेऊन स्थिर राहा, पाय मारू नका. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. दगडासारखे गेलात तर किलोभर काढा आणि पुन्हा पाहा.

टाकी भरलेली असताना ही तपासणी केली तर एक बेरीज बाकी राहते. हवेलाही वजन असतं. १२ लिटरच्या टाकीत २०० बारला २४०० लिटर हवा, म्हणजे जवळजवळ तीन किलो. ५० बारपर्यंत आलात की त्यातले दोन किलोंहून थोडे जास्त तुम्ही श्वासातून सोडून दिलेले असतात. म्हणून भरल्या टाकीवर वजन बरोबर जुळलं तर साधारण दोन किलो वाढवा, नाहीतर शेवटच्या थांब्याला पाच मीटरवर बुचासारखे वर जाल. सगळ्यात चांगलं म्हणजे डाइव्हच्या शेवटी, काटा ५० वर असतानाच तपासणं. तो आकडा, सूटची जाडी, टाकी कसली, पाणी खारं की गोडं, हे सगळं लॉगबुकात लिहा. पुढच्या वेळी काउंटरवर 'किती वजन?' विचारलं की खांदे उडवावे लागणार नाहीत.

८. होकायंत्र: सराव मैदानावर

नेव्हिगेशनच्या डाइव्हमध्ये मुख्यतः तीन कामं असतात. ठरावीक अंतराला आपले पाय किती वेळा मारले जातात ते मोजणं, सरळ जाऊन उलट दिशेने परत येणं, आणि चौकोन पूर्ण करून सुरुवातीच्या जागी पोचणं.

याचा सगळा सराव कोरड्यावर होतो. मोकळ्या मैदानावर एक चप्पल ठेवा. डोक्यावर टॉवेल असा घ्या, की फक्त हातातलं होकायंत्र दिसेल. समजा सुरुवातीची दिशा ४० अंश. तीस पावलं चाला, उजवीकडे वळून १३०, पुन्हा तीस, मग २२०, मग ३१०. टॉवेल काढा आणि चप्पल किती लांब आहे ते पाहा. पहिल्यांदा मी शेजारच्या झुडपात निघाले. चूक कुठे झाली हे लगेच कळलं: मी मान वळवत होते आणि होकायंत्र मानेबरोबर वळत होतं. त्याची मधली रेघ शरीराच्या मधल्या रेघेशी जुळलेली हवी. वळायचं ते अख्ख्या अंगाने, दाराच्या फळीसारखं.

होकायंत्र सपाट धरा, तिरपं झालं की चकती टेकते. स्टीलची टाकी, टॉर्च, बडीचं होकायंत्र यांच्यापासून लांब ठेवा. उलट दिशा हवी असेल तर १८० मिळवा, बेरीज ३६० च्या वर जात असेल तर मिळवण्याऐवजी १८० वजा करा. पाण्यात दोघांनी कामं वाटून घ्यायची: एकाची नजर होकायंत्रावर, दुसऱ्याची खोलीवर, वेळेवर आणि समोर काय येतंय त्यावर. दोघंही होकायंत्र बघत बसले की दोघं मिळून प्रवाळावर आपटतात.

पायांचा हिशेब एकाच पायाचा ठेवायचा. उजवा खाली गेला की एक. माझे ३० मीटरला २६ होतात. घाईत मारले तर कमी भरतात आणि गणित चुकतं, म्हणून नेहमीच्या संथ गतीनेच मोजा. आणि मन म्हणेल, 'छे, होडी तर डावीकडे होती.' मनाचं ऐकू नका. पाण्याखाली मन फार आत्मविश्वासाने चुकतं.

९. तीस मीटर

आदल्या रात्री झोप, भरपूर पाणी, दारू नाही. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. औषध घेऊन नाक मोकळं करून उतरलात आणि खाली त्याचा असर संपला, तर वर येताना कानात अडकलेली हवा बाहेर पडत नाही, आणि वर तर यावंच लागतं.

उडी मारण्याआधी बडीची तपासणी (एकमेकांचं सामान पाहणं) पूर्ण करा. त्यात एक गोष्ट मी आता कधीच सोडत नाही: रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घेताना नजर गेजवर. आमच्यातल्या एकाचा काटा प्रत्येक श्वासाला १९० वरून १४० ला जात होता आणि श्वास सोडला की पुन्हा १९० ला. टाकीची कळ उघडल्यासारखी दिसत होती, पण जेमतेमच उघडली होती. वर हवा व्यवस्थित येते, कळतही नाही. ३० मीटरवर चौपट हवा लागली असती तेव्हा कळलं असतं.

शक्यतो दोर धरून उतरा. कान दुखायची वाट न पाहता दर मीटरला मोकळे करा. दुखलंच तर थोडं वर जा, मग पुन्हा. पंधरा मीटरनंतर जाणवेल की उतरायचा वेग आपोआप वाढतोय. सूटच्या रबरातले बुडबुडे दाबाने चेपतात आणि सूट तुम्हाला तरंगवायचं काम सोडून देतो. बीसीडीत टुचुक-टुचुक हवा भरत राहा, तळ दिसायच्या आधीपासून.

खाली गेल्यावर रंगांची पाटी दाखवतात. लाल रंग आधीच मेलेला असतो. माझ्या बडीच्या पायातल्या फिनचा लालभडक पट्टा मातकट करडा झाला होता, टॉर्च टाकला की भक्कन पेटायचा. मग गमतीची चाचणी: पाटीवर विस्कटून लिहिलेल्या १ ते २० आकड्यांना क्रमाने बोट लावायचं. हेच होडीवर आधी करून घेतलेलं. मी झपाझप केलं, वेळही चांगला लागला असं वाटलं, इन्स्ट्रक्टरला ऐटीत 'ओके' केलं. तिने शांतपणे १३ वर बोट ठेवलं. मी तो गाळला होता. आणि वेळही होडीवरच्या जवळजवळ दुप्पट.

हीच नायट्रोजनची धुंदी. साधारण ३० मीटरच्या आसपास ती जाणवायला लागते. कुणाला आधी, कुणाला नंतर, त्याच माणसाला एका दिवशी होते आणि दुसऱ्या दिवशी नाही. गरगरतं, डुलतं अशी अपेक्षा ठेवू नका. मला तर नेहमीपेक्षा हुशार झाल्यासारखं वाटत होतं. म्हणून सवय लावा: गेज वाचलं की आकडा बडीला बोटांनी दाखवा. आकडा डोळ्यांसमोर असून डोक्यात शिरत नसेल, किंवा विनाकारण धास्ती वाटत असेल, तर बडीला खूण करून काही मीटर वर या. धुंदी लगेच उतरते, मागे काही राहत नाही.

वर यायला निघायचं ते हवा किंवा वेळ यांतलं जे आधी ठरल्या आकड्याला पोचेल त्यावर. तो आकडा होडीवरच ठरवा, खाली वाटाघाटी नकोत. वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या आत ठेवा. बीसीडीतली हवा आता फुगत जाणार, ती थोडी थोडी सोडत राहा. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा.

पृष्ठभागावर आल्यानंतरच्या तासांत सांध्यात दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, कारण नसलेला प्रचंड थकवा, यातलं काहीही जाणवलं तर सांगा; ती नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या त्रासाची खूण असू शकते. 'जड टाकी उचलली म्हणून खांदा दुखतोय' असं स्वतःला समजावत बसणं ही या खेळातली जुनी खोड आहे. ऑक्सिजन लगेच सुरू करणं आणि डॉक्टरांशी बोलणं, यात वेळ घालवू नये.

१०. लॉगबुक आणि परतीचं विमान

प्रत्येक डाइव्हनंतर त्याच दिवशी लिहा: कमाल आणि सरासरी खोली, वेळ, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, वजन, काय बिघडलं. मासे शेवटी. इन्स्ट्रक्टरची सही तिथल्या तिथे घ्या. नंतर ती माणसं दुसऱ्या किनाऱ्यावर गेलेली असतात.

कार्ड आलं की दुसऱ्याच आठवड्यात ३० मीटरच्या मागे लागू नका. मी पुढच्या दहा डाइव्ह १२ ते २० मीटरमध्ये केल्या आणि कोर्समध्ये जे हुकलं ते तिथे सापडलं. पुढे रेस्क्यू (बचावाचा) कोर्स करायचा विचार असेल तर प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण गेल्या २४ महिन्यांतलं लागतं, ते मधल्या काळात उरकून घ्या.

आणि तिकीट काढताना मागून पुढे मोजा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला असा: एकच साधी डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८. थांबे घ्यावे लागलेल्या डाइव्हनंतर त्याहून बराच जास्त वेळ. उंच डोंगररस्त्याने परतायचं असेल तर तोही यात धरा. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स नेहमी दुसऱ्या वर्गात मोडतो, त्यामुळे शेवटचा अख्खा दिवस कोरडा ठेवणं सोयीचं. मी तो ठेवला नव्हता. कोर्स झाल्यावर एक जादा डाइव्ह फुकट मिळत होती, पण ती केली असती तर विमानाला सोळाच तास उरत होते. बाकीचे उतरले. मी होडीच्या काठावर बसून त्यांचे बुडबुडे मोजत लॉगबुकात कोर्सच्या पाचव्या डाइव्हचं पान भरलं.